आधी पाणी, मग आमिष

पोटोमॅक नदी चढली आणि तिचं पाणी मातकट झालं, की डब्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात भडक आणि सगळ्यात जास्त खडखडणारं आमिष दोरीला बांधायचं, असं मी अनेक वर्षं मानत आले. नव्याने गळ टाकायला शिकणाऱ्या ओळखीच्या माणसांनाही तेच सांगत आले. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. मार्चमधल्या फुगलेल्या पाण्यावर हल्ली माझ्या दोरीला बहुतेक वेळा करंगळीएवढं, काळं, पिसांचं, काहीही आवाज न करणारं आमिष असतं. मोठ्याच्या जागी लहान आणि पिवळ्याच्या जागी काळं एवढंच झालं असतं, तर त्यावर लिहायला बसले नसते. बदलला तो निवडीचा क्रम. पूर्वी विचाराची सुरुवात डबा उघडून व्हायची. आता नदीकडे बघून मासा कुठे उभा असेल ते ठरतं, आणि मगच डब्याला हात लागतो.

मी मेरीलँड राज्यात फ्रेडरिकला राहते. पॉइंट ऑफ रॉक्स, ब्रन्सविक, हार्पर्स फेरी ही पोटोमॅकवरची गावं तिथून जवळ आहेत. नदीच्या मेरीलँडकडच्या काठाने चेसापीक अँड ओहायो कालवा जातो. खेचरं या कालव्यातून नावा ओढायची, त्या काळातली त्यांची पायवाट जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत अजून शाबूत आहे, 184.5 मैल, म्हणजे सुमारे 297 किलोमीटर. स्वतःची होडी नसलेल्या माणसाला त्या वाटेमुळे नदीचा मैलोन्‌मैल काठ मोकळा मिळतो. माझी बहुतेक मासेमारी त्या काठावरूनच होते.

मासा स्मॉलमाऊथ बास. ब्राँझच्या रंगाचा, अंगावर उभे गडद पट्टे, डोळा लालसर. किलो-दीड किलोचा मासा इथे मोठा समजतात, पण गळाला लागल्यावर तो वजनाच्या मानाने कितीतरी जास्त ओढतो. गंमत अशी की हा मासा मूळचा या नदीतला नाहीच. ओहायो नदीचं खोरं आणि पंचमहासरोवरं हा त्याचा मुलूख. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे 1853 साली व्हीलिंगपर्यंत पोचली, आणि पुढच्याच वर्षी श्रायव्हर नावाच्या गृहस्थांनी तिकडचे काही बास आगगाडीच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत, भोकं पाडलेल्या बादलीत ठेवून डोंगरापलीकडून कंबरलँडला आणले आणि कालव्यात सोडले. कालव्यातून ते नदीत उतरले. आज सगळी पोटोमॅक त्यांची आहे. मी स्वतः इथे बाहेरून येऊन रुजले, त्यामुळे असेल, पण टाकीतून आलेल्या त्या माशांची हकिगत मला फार आवडते.

तर जुनं मत. त्यामागचं तर्कशास्त्र सरळ होतं, आणि अजूनही बहुतेक लोक त्यावरच चालतात. गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही. म्हणून त्याला ऐकू जाईल, जाणवेल असं काही द्यायचं. स्पिनरबेटला, म्हणजे फिरत्या पात्याच्या आमिषाला, गोल पातं लावायचं. कोलोरॅडो पातं म्हणतात त्याला. ते फिरताना पाण्यात जाड धडधड उठते आणि ती रॉडच्या मुठीपर्यंत पोचते. नाहीतर पोटात गोळ्या असलेला, खुळखुळणारा क्रँकबेट. रंग शार्त्रूज, म्हणजे डोळ्यांत खुपणारा पोपटी-पिवळा. आकार नेहमीपेक्षा एक माप मोठा. आणि पाणी जोरात आहे म्हणून वजनही जास्त. हे सगळं घेऊन मी नदीच्या जितक्या आत फेकता येईल तितकं फेकायचे. कधीकधी मासा लागायचाही, आणि तो लागला की मत आणखी पक्कं व्हायचं. लागला नाही तर पुरात बास खातच नाही, असं समजून घरी परतायचं.

या दुसऱ्या समजुतीला पहिला धक्का बसला. पॉइंट ऑफ रॉक्सच्या खालच्या अंगाला, बर्फ वितळून आणि पावसाने नदी काठच्या झाडांत शिरली होती, तेव्हा एक वयस्क माणूस माझ्यापासून थोड्या अंतरावर शांतपणे मासे काढत होता आणि सोडत होता. त्याची फेक जेमतेम दोन-तीन हातांची होती, आणि तीही नदीच्या आत नाही, काठाला समांतर. एका सिकमोर झाडाची मुळं पाण्यात शिरली होती, त्यांच्या मागे. दोरीला बारीकशी काळी जिग, म्हणजे गळावरच शिशाचं डोकं बसवलेलं आमिष. माझ्या आमिषापेक्षा ती निम्म्याहून लहान होती. मी विचारलं, या पाण्यात मासा एवढं लहान आमिष शोधतो कसा? तो म्हणाला की त्याला शोधावं लागत नाही, मी त्याच्या नाकापुढेच ठेवतो. एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर मी चढलेल्या नदीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

पुराच्या पाण्याकडे काठावरून पाहिलं तर सगळी नदी एकाच वेगाने धावतेय असं वाटतं. तसं नसतं. पात्राच्या मध्याला, पृष्ठभागाच्या जरा खाली वेग सर्वांत जास्त असतो; तळाशी आणि काठाशी दगड, मुळं, माती पाण्याला अडवतात आणि तो बराच कमी होतो. आणि वेगाचा भार साध्या हिशेबाने वाढत नाही. वेग दुप्पट झाला की अडथळ्यावरचा जोर जवळजवळ चौपट होतो. मधल्या धारेत उभं राहायचं तर माशाला मिळवलेलं सगळं बळ पोहण्यातच घालवावं लागेल. थंड पाण्यात तर ते त्याला शक्यच नाही. मासा थंड रक्ताचा. पाणी 7-8 अंश सेल्सिअस असलं की त्याचं सगळं शरीर हळू चालतं. म्हणून तो धार सोडतो. उन्हाळ्यात जो मासा अर्धा किलोमीटर रुंद पात्रात कुठल्याही खडकामागे असू शकतो, तो पुरात काठालगतच्या मोजक्या आडोशांत येऊन उभा राहतो. कोसळलेल्या झाडाच्या मागे, ओढ्याच्या तोंडाशी, बेटाच्या खालच्या टोकाला, कालव्याच्या जुन्या दगडी बांधकामाच्या कोपऱ्यात. म्हणजे चढलेल्या पाण्यात मासा नाहीसा होत नाही. उलट तो गोळा होतो, आणि कुठे गोळा होईल हे डोळ्यांना दिसतं. ज्या दिवसांना मी वाया गेलेले समजायचे, त्या दिवसांत नदी सर्वांत मोकळेपणाने बोलत असते, असं आता मला मनापासून वाटतं.

एकदा हे ध्यानात आलं की आमिषाचा प्रश्नच पालटतो. या आडोशाच्या जागा लहान असतात. काही तर जेवणाच्या टेबलाएवढ्या. त्यांच्या कडेला वेगवान आणि संथ पाण्याचा सांधा असतो; नीट पाहिलं तर फेसाची एक रेघ दिसते. त्या रेघेच्या आत मासा, बाहेर ओढ. आमिष आत पडल्यावर तिथे किती वेळ राहू शकतं, हे माझ्या लेखी आता सर्वांत महत्त्वाचं. माझं जुनं स्पिनरबेट तिथे राहूच शकत नव्हतं. ते चालायला ओढावं लागतं, आणि ओढलं की दोन-तीन सेकंदांत त्या जागेच्या बाहेर. शिवाय गोल पात्याला पाण्याचा अडथळा जास्त, त्यामुळे जोराच्या धारेत ते तळाकडे जाण्याऐवजी वर उचललं जातं. मासा तळाशी आणि आमिष त्याच्या डोक्यावरून भुर्र. ते पातं कितीही धडधडलं तरी उपयोग काय?

लहान पिसांची जिग मात्र तिथे पडते, बुडते आणि थांबते. मॅराबूचं पीस इतकं मऊ असतं की रॉड न हलवताही संथ पाण्यात ते उघडतं, मिटतं. माझ्या हाताला काहीच करावं लागत नाही, आणि थंडीत न करणं हेच बहुधा बरोबर ठरतं. पिसांच्या जागी ट्यूबही चालते. ती मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी, शेपटीला झालर. तिच्या आत शिशाचं डोकं बसवतात, त्यामुळे बुडताना ती सरळ न जाता गिरक्या घेत जाते, आणि तळाशी क्रेफिशसारखी दिसते. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांगीवाला, कोळंबीचा चुलत भाऊ. बासचं ते आवडतं खाणं.

वजनाबद्दल मला विस्ताराने सांगायचंय, कारण इथे माझं मत पूर्ण उलट फिरलं. जोराचं पाणी म्हणजे जड आमिष, हा नियम मी कधी तपासूनच पाहिला नव्हता. पण मासा जर जोराच्या पाण्यात नसेल, तर आमिष तरी त्या पाण्यासाठी का निवडायचं? आडोशातल्या संथ पाण्यात साडेतीन ग्रॅमचं डोकंही तळ गाठतं. जड डोकं तिथे पडलं की दगडांच्या फटीत रुतून बसतं. हलकं आमिष वाहून जातं ही तक्रार खरी आहे, पण आमिषाला ओढून नेते ती दोरी. आपण एका बाजूला, आडोसा दुसऱ्या बाजूला आणि मधे जोराची धार. धार त्या दोरीला धरून फुगवते आणि आमिष फरफटत बाहेर काढते. यावर उपाय वजन वाढवण्याचा नाही, उभं राहण्याची जागा बदलण्याचा आहे. मी आता अशी जागा शोधते की माझी दोरी धारेला ओलांडणारच नाही. तशी जागा नसेल तर रॉड उंच धरून दोरी पाण्याबाहेर ठेवते, आणि दोरीही बारीक, विणलेली वापरते. जाड दोरीवर पाण्याची पकड जास्त. जड ट्यूब, दहा ग्रॅमच्या आसपासची, मी अजूनही बाळगते, पण ती फक्त सांध्यावर, जिथे मासा संथ पाण्याच्या अगदी कडेला येऊन धारेतून येणारं खाणं टिपत असतो.

आणखी एक गोष्ट कळायला वेळ लागला, पण कळल्यावर खूप उलगडलं. आडोशात पाणी नुसतं थांबत नाही, ते उलटं फिरतं. काठाला पुढे आलेला खडक असला की त्याच्यामागे काठालगतचं पाणी उगमाच्या दिशेने वाहू लागतं. मासा नेहमी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून असतो, कारण खाणं तिकडूनच येतं. म्हणजे उलट्या धारेतल्या माशाचं तोंड समुद्राकडे असतं! मी मात्र सगळ्या माशांची तोंडं उगमाकडे आहेत असं धरून आमिष वरून खाली आणायचे, आणि ते त्याच्या शेपटीमागून यायचं. थंड पाण्यातला मासा मागे वळून धावत नाही. आता फेकण्याआधी मी काही मिनिटं पाण्यावरची पानं, काटक्या बघते. त्या कुठल्या बाजूला सरकतात ते पाहून आमिष त्यांच्याबरोबर सोडते. रंग, आकार, आवाज या सगळ्यांत मिळून जितका फरक पडला असेल, त्यापेक्षा जास्त मला या एका सवयीने पडला.

रंगाबद्दलचं मत बदलायला वाचनाचाही हात लागला. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी लार्जमाऊथ बासच्या डोळ्यांवर अभ्यास केला. हा स्मॉलमाऊथचा जवळचा भाऊबंद. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच तऱ्हेच्या आढळल्या, एक हिरव्याकडे झुकणारी आणि एक लालकडे. रंगांवर शिकवलेले मासे लाल आणि हिरवा चांगले ओळखत. शार्त्रूज आणि पांढरा यांत मात्र त्यांचा गोंधळ व्हायचा, तसाच निळा आणि काळा यांत. दुकानातल्या भिंतीवर पोपटी-पिवळ्याच्या चाळीस छटा टांगलेल्या असतात, त्या मुख्यतः माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत, हे त्यातून मी घेतलं. गढूळ पाण्यात तर रंगापेक्षा कडा महत्त्वाची. वरून येणाऱ्या मंद उजेडासमोर काळं आमिष सर्वांत ठळक आकृती उमटवतं. म्हणून काळा. तांबूस-तपकिरीही चालतो, पाणी निवळायला लागलं की.

आणि आवाज? माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेखा असते. पाण्याची बारीकशी हालचालही तो तिने जाणतो. धडधडणाऱ्या पात्याचा सगळा आधार या पार्श्वरेखेवर आहे, आणि तो निराधार नाही. पण तिची पोच फार दूरची नसते. साधारण स्वतःच्या एक-दोन लांबींइतक्या अंतरात ती नीट काम करते. शिवाय तिच्यातल्या कातडीवर उघड्या असलेल्या संवेदन-पेशी वाहत्या पाण्यात प्रवाहाच्याच हालचालीने झाकोळून जातात. कातडीखालच्या नलिकांतल्या पेशी तेवढ्या शाबूत राहतात. पूर मुळातच गोंगाट आहे. त्यात माझ्या पात्याची धडधड पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल हा माझा विश्वास होता, तो गेला. हातभर अंतरावर आमिष पडलं तर मुकं आमिषही जाणवतं.

जुनं मत मी सगळंच टाकलं असंही नाही. जुलैत वादळी पावसाने नदी एका रात्रीत दोन-तीन फूट चढते, तेव्हा पाणी 25 अंशांच्या वर असतं. त्या पाण्यातल्या मासळीत जोर असतो, भूक असते, आणि ती काठच्या बुडालेल्या गवतात शिरून लहान माशांच्या मागे लागते. तेव्हा 14 ग्रॅमचं स्पिनरबेट गवताच्या कडेने, काठाला समांतर ओढण्यासारखं सुख नाही. पातं एक गोल, एक विलोच्या पानासारखं निमुळतं. निमुळत्या पात्याला पाण्याचा अडथळा कमी, त्यामुळे आमिष खाली राहतं. म्हणजे तिथेही मी सुरुवात पाण्यापासूनच करते, फक्त तापमान वेगळं म्हणून उत्तर वेगळं येतं. माझ्या खिशात पूर्वी नसलेला एक थर्मामीटर आता कायम असतो. पाणी 10 अंशांच्या खाली असेल तर थांबणारं आमिष. 15 च्या वर गेलं की चालणारं. मधल्या पाण्यात ट्यूब, तळावरून अगदी सावकाश.

माझ्या जुन्या मताची मुळं किती खोल होती, हे मला उशिरा उमगलं. ती अमेरिकन दुकानांत नव्हती, संगमेश्वरात होती. शास्त्री आणि सोनवी जिथे मिळतात त्या मुलखात माझं लहानपण गेलं. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, व्हाळ फुगले, की चढणीचे मासे. खवले, शिंगट्या, नावं आठवत नाहीत अशी कितीतरी मासळी धारेवर चढून वर यायची, व्हाळातून शेतात, अंडी घालायला. मामा पाग आणि बॅटरी घेऊन निघायचा, आम्ही मागे. पाणी जितकं जोरात, मासा तितका वर, हे आमच्या पायांनी शिकलेलं ज्ञान होतं. पूर म्हणजे माशांचं येणं. ते ज्ञान कोकणात खरं आहे. पोटोमॅकवर मी नकळत त्याच ज्ञानाने जोराच्या धारेत आमिष फेकत होते, कारण मासा धारेवर चढत असेल असं माझ्या आत कुठेतरी ठरलेलं होतं.

बासचं पुराशी नातं नेमकं उलटं आहे. वसंतात पाणी 15-16 अंशांवर पोचलं की नर काठाजवळच्या संथ, खडीच्या तळावर शेपटीने गोल घरटं साफ करतो. मादी अंडी घालून जाते, नर राखणीला राहतो. अंडी फुटेपर्यंत आणि पुढे पिलांचा काळा ढग पांगेपर्यंत. या दिवसांत मोठा पूर आला तर घरटी धुऊन जातात, आणि त्या वर्षीची पिढी फार थोडी उरते. खूप वर्षांनी मोठे मासे कमी दिसले तर त्याचं कारण एखाद्या जुन्या मे महिन्याच्या पुरात सापडू शकतं. कोकणातल्या माशाला पूर शेतं उघडून देतो. या माशाकडून तो लेकरं घेऊन जातो. हे समजल्यापासून मे-जूनमध्ये पाणी चढलेलं दिसलं की मला मासेमारी सुचतच नाही. त्या वेळी नदीवर गेलेच तर नुसती चालायला जाते.

आणि याच कारणाने आमिषांच्या गळांबद्दलही माझं मत बदललं. मार्च-एप्रिलच्या चढलेल्या पाण्यात आडोशाला जे मासे गोळा झालेले असतात, त्यांत पोटात अंडी असलेल्या मोठ्या माद्या असतात. त्या सापडणं सोपं झालं की जबाबदारी वाढते. क्रँकबेटला दोन ठिकाणी तीन-तीन काट्यांचे गळ असतात. मासा तडफडताना दुसरा गळ त्याच्या डोळ्यात, कल्ल्यात शिरू शकतो. मी माझे सगळे क्रँकबेट या मोसमासाठी बाजूला ठेवले. जिगला एकच गळ, त्याचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट करते. मासा पाण्याबाहेर न काढता सोडता येतो. पुराच्या पाण्यात एकेरी गळाचा आणखी एक सरळ फायदा: वाहून येणारा पाचोळा त्याला कमी अडकतो. तीन काट्यांचा गळ प्रत्येक फेकीला पानांचा घोस घेऊन येतो आणि पान लागलेलं आमिष मासा तोंडात घेत नाही.

कुठल्या दिवशी जायचं, याचा विचार आता आमिषाच्या विचाराआधी होतो. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाची पॉइंट ऑफ रॉक्सची पाणीपातळीची नोंद 1895 पासूनची आहे. तिथे 16 फुटांवर पूर धरतात. मार्च 1936 मध्ये नदी 41 फुटांवर गेली होती. उन्हाळ्यात हाच आकडा एक-दोन फुटांवर असतो. मी नुसता आकडा बघत नाही, आलेखाचा कल बघते. हॅन्कॉक आणि शेपर्ड्सटाउन या वरच्या ठिकाणी काय चाललंय, शेनँडोआवरच्या मिलव्हिलला काय चाललंय, ते बघते. हार्पर्स फेरीला शेनँडोआ येऊन मिळते, आणि ज्या खोऱ्यात पाऊस जास्त तिकडचं पाणी गढूळ. संगमाखाली काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहतात. निवळ बाजूचा काठ धरायचा. पाणी ओसरायला लागलं आणि निवळायला लागलं, तो दिवस सर्वांत चांगला. लहान ओढे मोठ्या नदीच्या आधी स्वच्छ होतात, म्हणून त्यांच्या तोंडाशी मासा आधी हलतो. पोटोमॅकला मिळणाऱ्या मोनोकसीचं मात्र तसं नाही. शेतीच्या मातीतून येणारी ती नदी उशिरापर्यंत तांबडी राहते. पांढरं आमिष वीतभर खोलीवर दिसेनासं झालं तर मी परतते.

नदी वेगाने चढत असताना मी जात नाही, कुणाला नेतही नाही. मार्चचं पाणी अंगाची ताकद काही मिनिटांत घेतं. ओला काठ पायाखालून सुटतो, आणि वाहत आलेल्या झाडाच्या फांद्यांत माणूस अडकला की पाणी त्याला सोडत नाही. पाण्यात पाय टाकून उभं राहणं मी या मोसमात पूर्ण बंद केलंय, आणि काठावरही लाइफ जॅकेट घालते. माझी मुलगी बरोबर असली की तिलाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आडोसा काठालाच असतो, मासाही काठालाच असतो. पाण्यात उतरण्याचं कारणच उरलेलं नाही.

जिग मी आता घरीच बांधते. मॅराबू नावाच्या करकोच्यावरून नाव पडलेलं असलं तरी बाजारात मिळणारं पीस टर्कीचं असतं. साडेतीन ग्रॅमचं डोकं, काळा धागा, एक पीस. सुरुवातीला मी दोन-तीन पिसं घालायचे, भरीव दिसावं म्हणून. पण पीस जास्त झालं की ते पाणी धरतं, बुडायला वेळ लावतं, आणि तेवढ्यात उलटी धार त्याला माशाच्या जागेवरून पुढे नेते. आता एकच पीस बांधते, तेही टोकं तोडून, कात्रीने नाही, नखाने. कात्रीने कापलेली टोकं बोथट होतात आणि पाण्यात नीट हलत नाहीत. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पाणी भरून प्रत्येक जिग सोडून बघते. तळाला टेकल्यावर पीस उभं राहिलं आणि हलकेच उघडलं, तर ती डब्यात जाते. नाहीतर धागा सोडवून पुन्हा बांधायची.